रेघ शेवटी

माझी माप घ्यायची टेप मी जन्मात कुणाला वापरायला दिलेली नाही. सख्खी बहीण मागायला आली तेव्हा मी तिला दुकानातून नवी आणून दिली, पण माझी दिली नाही. आणि त्याच टेपेनं आक्काताई एका भर दुपारी मळ्यात जाऊन एका खिलार बैलाची पाठ मोजून आली आणि वर मलाच म्हणाली, "शैले, टेप धुऊन घे गं, शेन लागलंया." मी काय केलं असेल? धुतली! अख्ख्या आष्ट्यात माझ्या तोंडाला लोक भितात, पण आक्काताईपुढं माझं हे असं व्हायचं.

बाजारपेठेत आमचा गाळा एक आणि धंदे दोन. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला माझं शिलाई मशीन, ब्लाऊजच्या पिशव्यांचा ढीग आणि मी. उजव्या हाताला आक्काताईचं कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरीचं मशीन आणि त्याच्या बाजूला स्टुलावर बसून स्क्रीनकडं डोळे बारीक करून बघणारी आक्काताई. गेल्या वर्षी ती मशीन उचलून वडूजला राहायला गेली. अजून कुणी ना कुणी दारात उभं राहून विचारतंच, "अक्षरवाल्या बाई हायत का?" मी सांगते, न्हाईत, वडूजला जावा. "एवढ्या लांब?" म्हणून तोंड वाकडं केलं की मला राग येतो. म्हणते, मग घरी बसून खडूनं लिवा. गिऱ्हाईक तिचं, जातंय तिचं, तरी भांडण माझं.

ती नावं शिवायची. खो-खोच्या पोरींच्या ट्रॅकसूटवर, बाळाच्या दुपट्यावर, ट्रकच्या सीटकव्हरवर, सत्काराच्या शालीवर, शर्यतीच्या बैलांच्या झुलीवर. तुम्ही म्हणाल, त्यात काय, कॉम्प्युटरच शिवतो की. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं. तर तसं नाही. आधी स्क्रीनवर अक्षर काढायचं, मग त्या अक्षरात सुईनं कुठून शिरायचं, कुठं वळायचं, टाके उभे घालायचे की तिरके, किती दाट घालायचे, कुठं थांबायचं, हे सगळं त्या मशीनला आधी सांगून ठेवायचं. ह्या कामाला आमच्याकडं पंचिंग म्हणतात. सांगण्यात चूक झाली की मशीन मुकाट्यानं चुकीचं शिवतं. माझ्यासारखं मध्येच उठून "आवं, हे असं कसं" म्हणत नाही.

आक्काताईचं माहेर वडूजच्या पलीकडं माळावरची एक वाडी. धनगराची लेक. लहानपणी वर्षातले कितीतरी महिने आई-बापाबरोबर मेंढरांमागं पायी फिरलेली. त्यामुळं शाळा तुटक तुटक झाली, पण चाल मात्र पक्की झाली. एकदा सांगलीला धागे आणायला मी तिच्याबरोबर गेले. स्टँडपासून दुकानापर्यंत मी अक्षरशः पळत होते आणि ती पुढून म्हणत होती, "शैले, सावकाश ये, घाई न्हाई." उंच, काटक, उन्हानं रापलेली. डोक्यावरचा पदर घसरला तरी चाल थांबायची नाही.

तिच्या सवयी तरी किती सांगू! नवं कापड आलं की त्यावर तळवा ठेवून डोळे मिटून बसायची, आपण पोराचा ताप बघतो तसं. मग म्हणायची, "ह्ये लय वडतंय" किंवा "ह्ये गप बसंल." मशीनचा धागा तुटला की ते टूं टूं करत बोंबलायचं. तेव्हा ती मेंढरं वळवताना काढतात तसला आवाज जिभेनं काढायची आणि म्हणायची, "आले, आले. बोंबलू नगंस." भाकरी उभ्यानं खायची. कुणी मॅडम म्हटलं की इकडंतिकडं बघायची, कोण आलंय म्हणून. आणि तिच्या स्टुलावर एक काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली असायची. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी, आबांनी, दिलेली. आपल्याच मेंढरांची लोकर, आपल्याच हातानं कातरलेली. त्या स्टुलावर कुणी चुकून टेकलं तर ती भांडायची नाही. नुसती उभी राहायची. बसलेल्या माणसालाच मग अवघड होऊन तो उठायचा.

सुरुवातीला तिनंही मशीनबरोबर आलेली तयार अक्षरं वापरली होती. पहिलं काम शेजारच्या तालमीतल्या एका पैलवानाच्या जॅकेटवरचं नाव. शिवून झालं आणि बघितलं तर अक्षरांच्या डोक्यावरची रेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली. तयार अक्षरात प्रत्येकाला आपापली रेघ असते. शिवताना कापड ओढलं गेलं की अक्षरं जराशी सरकतात आणि रेघेत फटी पडतात. पैलवानानं ते बघितलं, काही बोलला नाही, जॅकेट घेऊन गेला. तेच तिला लागलं. मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं. त्यानं दया केली माज्यावर."

दोन-चार दिवस गेले. मग एका सकाळी येऊन माझ्या खडूनं माझ्याच टेबलावर तिनं माझं नाव लिहिलं. "बग. मी आदी काय काढलं? अक्षरं. रेघ कवा वडली? शेवटी. पाटीवर समदी अशीच लिवत्यात. मग ह्ये येडं मशीन परत्येकाला यगळी टोपी का घालतंय?" आणि त्या दिवसापासून तिनं तयार अक्षरं सोडली. अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर, काना, वेलांटी, जोडाक्षर सगळं तिनं स्वतः पंच केलं. आधी बिनडोक्याची अक्षरं शिवायची आणि मग सगळ्यांवरून एका दमात एकच रेघ. थ, ध आणि भ यांची डोकी मात्र उघडी सोडायची. फरक म्हणाल तर एवढाच. पण तिची नावं लांबून ओळखू यायची. कुणाच्या तरी हातानं लिहिल्यासारखी दिसायची.

"रेघ शेवटी" हे मग तिचं बोलणंच झालं. कुठल्याही गोष्टीचं आधी कौतुक केलेलं तिला चालायचं नाही. माझ्या थोरलीची सोयरीक ठरली तेव्हा मी पेढे घेऊन गेले तर पेढा तोंडात टाकून म्हणते, "ब्येस झालं. पर रेघ शेवटी गं." मी इतकी भडकले! म्हटलं, चांगल्या कामात तुझ्या जिभेला काय होतं? दोन दिवस बोलले नाही. पुढं ती सोयरीक मोडली. ते लोकच तसले निघाले. आक्काताईनं "बघ, म्हनले नव्हते?" असं एका शब्दानं म्हटलं नाही. पोरीला पुढं नोकरी लागली तेव्हा तिच्या बॅगेवर तिचं नाव शिवून दिलं. रेघ अशी सरळ, खणखणीत. पोरगी अजून ती बॅग बदलत नाही.

हो, बैलाचं राहिलंच. एका शर्यतवाल्याची झूल तिनं केली, टेबलावर मोजून, छान मधोमध नाव घालून. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैल मिरवणुकीत निघाला तर निम्मं नाव वशिंडावर चढलेलं आणि निम्मं वरून बांधलेल्या पट्ट्याखाली गेलेलं. मालक तणतणत दुकानात. आक्काताईनं मान्य केलं, चूक माझी, नवीन करून देते. आणि निघाली माझी टेप घेऊन मळ्यातल्या गोठ्यात. त्याच मालकाला दुसऱ्या झुलीवर बैलाच्या नावाच्या वर स्वतःचं नाव पाहिजे होतं, तेही मोठ्या अक्षरात. आक्काताईनं शांतपणे विचारलं, "आवं, शर्यतीत पळतंय कोन? तुमी का बैल?" मला वाटलं, गेलं आता गिऱ्हाईक. पण तो हसत सुटला. झुलीवर एकट्या बैलाचं नाव आलं आणि तेव्हापासून तो माणूस तिच्याकडचंच काम गावभर दाखवत फिरायचा.

तर असली ही बाई. पण तिचं खरं काम मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

तिच्या माहेरच्या वाडीत बिरोबाची जत्रा भरते. आसपासच्या वाड्यांची गजी नाचाची मंडळं येतात, ढोल वाजतात, भंडारा उधळतात, पांढऱ्या अंगरख्यातले बाप्ये फेर धरून नाचतात. प्रत्येक वाडीची आपली एक मोठी छत्री असते. देवाचा मान असतो तो. आक्काताईच्या वाडीची छत्री धरायचा मान आबांचा. तरणे होते तेव्हापासून तेच धरत आलेले. छत्री जुनी होऊन चिंध्या झाल्या होत्या. वाडीत बैठक बसली की नवी कुठून आणायची. आक्काताईनं दुकानातून भर बैठकीत फोन लावला आणि म्हणाली, "मी करून देते. खाली काळ्या लोकरीची झालर लावू, त्यावर देवाचं नाव फिरवू."

फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. तिचा चुलता, त्यांना सगळे नाना म्हणतात, तिकडून बोलला, "आक्के, तू दिलेली लेक. दिलेल्या लेकीचा हात देवाच्या छत्रीला कशाला? वाडीचं काम वाडीतली मानसं करतील."

मी आक्काताईकडं बघत होते. बैलाच्या मालकाला उत्तर देणारी बाई, आणि ही नुसती घोंगडीची कड सारखी करत बसली. माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, पण दुसऱ्याच्या माहेरच्या फोनवर काय बोलणार! एवढ्यात आबांचा आवाज आला, म्हातारा, खरखरीत. "नाना, छत्री माजी लेकच करंल. न्हाई नीट झाली तर म्या ती धरनार न्हाई. पुन्यांदा कवाच धरनार न्हाई. दे दुसऱ्या कुनाच्या बी हातात." आणि फोन बंद झाला.

आक्काताईनं फोन मशीनवर ठेवला. मग म्हणाली, "शैले, आबानं आपला मान पनाला लावला गं माज्यावर."

पुढचे काही आठवडे आमच्या गाळ्यात दुसरा विषय नव्हता. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, दुधाचा टेंपो चालवतात. ते जाऊन जुन्या छत्रीचा सांगाडा घेऊन आले. तो दुकानाच्या मधोमध उघडा. ब्लाऊज टाकायला आलेली प्रत्येक बाई त्याच्या काडीला डोकं आपटून आत यायची. वरच्या लाल कापडाच्या कळ्या, म्हणजे ते तिकोनी तुकडे, मी कापल्या आणि मीच शिवल्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. झालरीची काळी पट्टी आबांनी पाठवली. त्या वर्षीच्या लोकरीची, लांबच लांब.

वाडीतल्या पोरांचं म्हणणं होतं की झालरीवर चांगभलं घाला. आक्काताई नको म्हणाली. "भ आला की रेघ तुटती. मला सलग पायजे. नुसतं बिरोबा, बिरोबा, बिरोबा. जितनं सुरू हुतंय तितंच येऊन मिळाय पायजे." म्हणजे गोल छत्रीभोवती देवाचं नाव फिरणार आणि त्यावरून एकच रेघ, जिला सुरुवात नाही आणि शेवट नाही. सरळ कापडावर रेघ मारणं वेगळं. गोल फिरून स्वतःलाच येऊन भेटायचं, त्यात सुतभर चुकलं तरी पायरी दिसणार. आणि ती पायरी नानांना दिसली की आबांचा मान गेला.

लोकरीवर शिवायचं म्हणजे आणखी एक ताप. लोकर धागा गिळते. टाके आत बुडतात. त्यासाठी खालून लावायचा कागद बाजारात मिळतो, पण आक्काताईचा त्यावर विश्वास नाही. तिच्याकडं घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन कडक करतात, तीच ती द्यायची. माझ्या गॅसवर, माझ्या पातेल्यात चिंचोके शिजायचे. गिऱ्हाइकं नाक दाबून विचारायची, "शैलाताई, काय करपलं?" मी म्हणायचे, माझं नशीब.

खळ दिलेली पट्टी वाळून कडक झाली आणि तिच्यावर भंडाऱ्याच्या रंगाच्या धाग्यानं अक्षरं उमटायला लागली. फ्रेममध्ये एका वेळी हातभर कापड बसायचं. ते शिवून झालं की काढायचं, पुढं सरकवायचं, पुन्हा जुळवायचं. बि, रो, बा. बि, रो, बा. सगळी उघड्या डोक्यांची. येणारा जाणारा म्हणायचा, "बाई, रेघ ऱ्हायली की!" आणि ती मान वर न करता, "शेवटी."

अक्षरं संपली. आता खळ धुवायला पाहिजे, नाहीतर कसर लागते. तिनं पट्टी धुतली, सावलीत वाळवली आणि आम्ही दोघींनी ती छत्रीच्या सांगाड्याभोवती गुंडाळली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. दोन्ही टोकं जवळ आणली.

टोकं मिळेनात.

मी म्हटलं, ओढ. तिनं ओढलं. चार बोटं कापड कमी पडत होतं. नव्या लोकरीला खळ देऊन वाळवताना तिनं ती ताणून बांधली होती, टाक्यांनी ती आखडली होती, आणि धुतल्यावर ती आपल्या मूळ जागी गेली. धनगराच्या लेकीला हे कळायला नको होतं का? कळत होतं. पण त्या लोकरीवर अक्षरं उठून दिसावीत ह्या नादात ती खळ जरा जास्तच लावून बसली. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती, कारण दुसरं कुणी चिंचोके शिजवायच्या भानगडीत पडलंच नसतं.

ती खाली जमिनीवर बसली. स्टुलावर नाही, जमिनीवर. मी तिला इतकं खचलेलं कधी बघितलं नव्हतं. जत्रा तोंडावर आलेली. त्या वर्षीची लोकर संपलेली. मी आपलं व्यवहाराचं बोलले. "अगं, माझ्याकडं काळं कापड पडलंय ढीगभर. चार बोटांचा तुकडा जोडू. कुणाला कळतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आबाला."

"आबांना कळलं तर ते का नानांना सांगणार हायत?"

"त्यास्नी कळलं म्हंजी झालं की, शैले. आनि कुनाला कळायचं ऱ्हायलं?"

मग ती उठली, स्टुलावरची घोंगडी उचलली, घडी मोडली, माझ्या टेबलावर पसरली आणि तिच्यावर तळवा ठेवून उभी राहिली. मला कळलं. म्हटलं, "आक्काताई, नको गं. लग्नातली हाय. आबांनी दिलेली." तिनं हात पुढं केला. मी माझी मोठी कात्री तिच्या हातात दिली. कात्रीसुद्धा मी कुणाला देत नाही. तिनं कोपऱ्यातून चार बोटांची पट्टी कापली. सरळ, एका दमात. कापून झाल्यावर मात्र उरलेली घोंगडी छातीशी धरली आणि रडली. मीही रडले, त्यात लपवायचं काय आहे.

तो तुकडा तिनं मध्ये जोडला. त्यावर अक्षर घातलं नाही. ‘बा’चं शेवटचं टोक आणि ‘बि’चं पहिलं टोक यांच्यामध्ये नुसती जुनी काळी लोकर. झालर गोल झाली. आणि मग रेघ, ह्या वेळी खळ नाही, खाली तो नावडता कागदच लावून. पुन्हा हातभर फ्रेम, पुन्हा सरकवणं. दर वेळी नवी रेघ मागच्या रेघेत दोन टाके आत शिरून पुढं निघायची. मी माझं मशीन बंद करून बसले होते. गिऱ्हाइकाला सांगितलं, उद्या या, आज देवाचं काम हाय. अक्षरांवरून, जोडावरून, जुन्या लोकरीवरून, पुन्हा नव्या लोकरीवर, रेघ फिरत फिरत आली आणि जिथून निघाली होती तिथं शिरली. आक्काताईनं उरलेला धागा दातानं तोडला. मला म्हणाली, "च्या टाक." मी चहा टाकला. तयार अक्षरं वापरली असती तर नावं आधीच रेघेसकट शिवून झाली असती आणि तो तुकडा टक्कल पडल्यासारखा दिसला असता. रेघ शेवटी ठेवली म्हणून ती सगळ्यांवरून गेली. हे तिनं मला सांगितलं नाही, मीच चहा ढवळताना मनात जुळवलं.

जत्रेला मी गेले होते. जाणारच. कळ्या माझ्या होत्या. दाजींच्या टेंपोत छत्री मधे आणि आम्ही दोघी दोन बाजूंना, ती आपटू नये म्हणून धरून बसलेल्या. वाडी म्हणजे माळावर पाच-पन्नास घरं, बाभळी, देवळापुढं मोकळं मैदान. ढोल घुमायला लागले होते. छत्री उतरवली तशी माणसं गोळा झाली. नाना पुढं. फेटा, मिशा, हाताची घडी. आणि आबा. बारीक, वाकलेले, पण पाय अजून माळ तुडवणारे. त्यांनी लेकीला "आलीस व्हय?" एवढंच विचारलं.

आबांना वाचता येत नाही. त्यांनी छत्री उघडायला लावली, झालर हातात घेतली, अंगठा त्या पिवळ्या रेघेवर ठेवला आणि छत्रीभोवती चालायला सुरुवात केली. सावकाश. मंडळातले लोक मागं सरकून त्यांना वाट देत होते. आक्काताई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतत होत्या. आबा निम्मे फिरले. आणखी थोडे फिरले. आणि थांबले. बरोबर त्या तुकड्यापाशी.

अंगठा रेघेवरून खाली लोकरीवर उतरला. मागं गेला, पुढं आला. "हितली लोकर यगळी हाय," आबा म्हणाले.

नाना लगेच पुढं सरकले. "म्हंजी? जोड हाय? देवाच्या छत्रीला तुकडा लावलाया?"

मागं कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, संपलं. आबांनी झालर नाकाशी नेली. वास घेतला. "आपल्या मोरी मेंढीची लोकर ही. मोरी नि तिच्या कोकरांची." आता खरंच ओळखलं की अंदाज मारला, ते त्या बिरोबाला ठाऊक. पण त्यांनी मान वळवून लेकीकडं बघितलं. "लग्नातली घोंगडी कापलीस व्हय गं?"

"व्हय आबा." तिनं माझं मनगट सोडलं. "कापड आखडलं. खळ माजीच जास्ती झाली, चूक माजी. चार बोटं कमी पडलं. दुसरं कंचं कापड लावू वाटंना."

आबांनी पुन्हा अंगठा रेघेवर ठेवला. उरलेलं फिरून सुरुवातीच्या जागी आले. आणि थांबले नाहीत, तसेच पुढं परत एक फेरी गेले. मग हात काढला. "नाना, रेघ कुटं तुटली त्ये मला गावंना. तू बग."

नानांनी हाताची घडी सोडली. त्यांनीही अंगठा ठेवला आणि निघाले. भल्या माणसानं रेघेतला जोड शोधण्यात कसूर केली नाही, हे मला म्हटलंच पाहिजे. वाकून बघितलं, नखानं टोकरलं, झालर उलटी करून मागनं बघितलं. जिथं रेघ रेघेला मिळाली तिथूनही ते पुढं गेले. ती जागा मला ठाऊक आहे. मी कुणाला सांगणार नाही.

नाना परत आले. मिशीवरून हात फिरवला. आबा म्हणाले, "म्या दिलेली घोंगडी तिनं देवाला दिली. आता तिचा हात छत्रीला चालत न्हाई म्हनायचं आसंल तर म्हना, मी हितंच ठिवतो छत्री." नाना दोन पावलं मागं सरले. तेव्हा आबांनी छत्रीचा दांडा उचलला आणि लेकीच्या हातात दिला. "धर. पैली फेरी तुजी."

ती मागं सरकली. "मी, आबा?"

"धर म्हनलं न्हवं!"

तिनं धरला. नानांनी ओंजळभर भंडारा घेतला आणि तिच्या कपाळाला, डोक्यावर, पदरावर टाकला. दोन्ही हातांनी टाकला.

पुढं काही महिन्यांनी ती वडूजला गेलीच. आबा थकले, दाजींनी तिकडंच दुधाचं काम धरलं, आणि वाडीतल्या दोन-तीन पोरी तिच्याकडं पंचिंग शिकायला येतात असं फोनवर सांगते. जाताना तिनं मला पुन्हा कधीतरी उचललेली माझी टेप परत दिली, धुऊन. तेव्हाची निरोपाची आक्काताई मला फारशी आठवत नाही. आठवते ती जत्रेतली. संध्याकाळचं ऊन माळावर आडवं आलेलं, ढोल अंगावर येत होते, आणि ही उंच बाई पिवळीधमक होऊन छत्री धरून मंडळाच्या पुढं चाललेली. त्याच तिच्या चालीनं. बाप्ये मागं पळत होते आणि आबा बाजूनं हसत चालले होते. तिनं दांडा फिरवला तशी अक्षरं एकमेकांत मिसळली आणि नुसती रेघ दिसायला लागली, सगळीकडून सारखी. मला लांबून बघून ओरडली, "शैले, बग की गं!"

शेजारच्या वाडीचा एक म्हातारा नानांना विचारत होता, "छत्री लय झ्याक झालीया रं. सांगलीतनं आनली का काय?"

"छ्या! सांगली कशाला?" नाना छाती काढून म्हणाले. "आमच्या आक्कीनं केलीया. आमची लेक हाय ती."